टाचणीकाका उसवताना बोलतात

जिन्याखालच्या दुकानातला शिंपी गेली तीस वर्षं तोंडात टाचण्या धरून जगत होता. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात पाच, उजव्या कोपऱ्यात चार आणि मधे एवढीशी फट. त्या फटीतून 'हं' आणि 'अंहं' एवढंच बाहेर पडू शके, आणि तेवढ्यावर त्याचा धंदा, संसार आणि शेजारधर्म व्यवस्थित चालला होता. गिऱ्हाइकं आरशासमोर उभी राहून स्वतःच विचारत, 'कंबरेत घट्ट आहे का हो?' आणि स्वतःच उत्तर देत, 'नाही, मीच जेवून आलोय.' सगळी इमारत त्याला टाचणीकाका म्हणे.

अशा माणसाची मुलाखत घ्यायची हौस कुणाला असणार? तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीलाही नव्हती. तिच्या कॉलेजात विद्यार्थ्यांचा पॉडकास्ट निघणार होता, 'पुढे काय?' नावाचा. कोण काय काम करतं आणि त्यात कसं जाऊन पडलं, हे पोरांना ऐकवायचं. पहिला भाग हिच्याकडे आला. हिने हृदयाचे डॉक्टर गाठले. डॉक्टरांनी दोनदा वेळ दिली आणि तीनदा रद्द केली. मग एक वैमानिक धरला, तो हवेतच राहिला. शेवटी सरांनी बजावलं, "शुक्रवारी दुपारी चारपर्यंत वीस मिनिटांचं बोलणं मला हवंय. नाहीतर पहिला भाग निसर्ग मंडळाला. त्यांच्याकडे पक्षी तयार आहेत."

गुरुवार उजाडला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, हिच्या वाट्याला टाचणी आली.

आता मुलाखत घ्यायची म्हणजे रुबाब हवा, म्हणून तिने वडिलांच्या कपाटातला निळा कोट न विचारता उचलला. ऐकण्याच्या कार्यक्रमाला कोट कशाला, हा प्रश्न तिला पडला नाही. विसाव्या वर्षी तो कुणालाच पडत नाही. कोट होता बावीस वर्षांचा, पण अंगावर चढला होता एकदाच, वडिलांच्या चुलतभावाच्या लग्नात. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत वडिलांनी उजवा हात पाठीमागे लपवलाय. त्यांचा तो हात जरा वाकडा आहे, हे घरात सर्वमान्य होतं. रोज सकाळी दाराची चौकट धरून ते खांद्याचा व्यायाम करत आणि वाट अडवल्याबद्दल बोलणी खात.

दुपारी तीनला ती दुकानात उतरली. शिवणयंत्र बंद केलं, इस्त्री बंद केली, पंखा बंद केला. काकांना स्टुलावर बसवलं आणि मोबाईल समोरच्या रिळांच्या डब्यावर उभा केला.

"काका, टाचण्या काढा ना."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग कोटाकडे, मग पुन्हा कोटाकडे. टाचण्या काढल्या खऱ्या, पण चेहरा असा की कुणी दात काढून घेतलेत.

"तुमच्या यशाचा मंत्र काय?"

"कपडे वेळेवर देणं."

"तुम्ही वेळेवर देता?"

"नाही."

कागदावर प्रश्न वीस होते. सतरा संपले तेव्हा मोबाईलवर चार मिनिटं झाली होती, आणि त्यातलं दीड मिनिट काकांच्या खोकल्याचं. या क्षेत्रात का आलात? "वडिलांनी घातलं." आव्हानं कोणती? "बगल." तरुणांना काय सांगाल? यावर काकांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "काही नाही." बोलताना त्यांची नजर मात्र तिच्या उजव्या बाहीवर खिळलेली. अठराव्या प्रश्नाला त्यांचा हात हळूच टाचण्यांकडे सरकला आणि त्यांनी एकेक करून चार तोंडात ठेवल्या. दुकान बंद झालं म्हणायचं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी एकवार नवऱ्याकडे पाहिलं, एकवार पोरीच्या रडवेल्या तोंडाकडे.

"अगं, असं नुसतं बसवून ते बोलतील होय? त्यांना काहीतरी उसवायला दे."

"म्हणजे?"

"शिवताना टाचण्या लागतात, म्हणून तोंड बंद. उसवताना तोंड मोकळं असतं आणि हात कामात. तेव्हाच बोलतात ते. माझ्या घरातले सगळे निर्णय मी असेच घेतलेत, बाई. लेकीचं लग्न ठरवायचं होतं तेव्हा एक अख्खा ओव्हरकोट उसवायला लावला. काढ तो कोट."

पोरीने कोट काढला. काकांनी तो असा घेतला, जणू हरवलेलं मूल पोलीस चौकीत सापडलंय. टाचण्या टेबलावरच्या छोट्या गादीत खोचल्या, छोटी कात्री घेतली आणि उजव्या बाहीच्या मुंढ्याशी, म्हणजे बाही खांद्याला जोडतात त्या गोलात, पहिला टाका तोडला.

आणि काका बोलायला लागले.

"मला शिकवणाऱ्या वस्तादाने दीड वर्ष सुई हातात दिली नाही. म्हणायचा, आधी उसवायला शीक. दुसऱ्याची चूक उसवलीस की आपली दिसेल. जुने कपडे आणून टाकायचा ढीगभर. कपड्याच्या आत सगळं कळतं बघ. एक साहेब होते, दर वर्षी तीच पँट ढिली करायला आणायचे आणि म्हणायचे, धोब्याने आटवली. आठ वर्षं आटवली त्या बिचाऱ्या धोब्याने! एक बाई नवऱ्याचा कोट घेऊन आल्या, तो गेल्यावर. म्हणाल्या, माझ्या मापाचा करा, मला उद्यापासून त्याच्या जागेवर कामाला जायचंय. रात्रीतून करून दिला. तो एक वेळेवर दिला मी."

मोबाईलवर आकडे पळत होते. दहा मिनिटं, पंधरा, वीस. पोरीने श्वास सोडला. पक्षी हरले. पण काका थांबेचनात, आणि बाही जसजशी सुटत गेली तसा त्यांचा आवाज खाली आला.

"आणि हा कोट. हा मीच शिवला. एकाच कापडाचे दोन कोट होते, एकाच मापाचे. चार बाह्या टेबलावर, आणि इस्पितळातून निरोप आला, तुझ्या काकूचा. धावत गेलो, मुलगी झाली, धावत परत आलो, बाह्या लावल्या, कोट देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक बोंबलत आलं. त्याच्या कोटाला दोन उजव्या बाह्या! मी त्याची माफी मागितली, नवीन बाही कापून लावून दिली. आणि मग डोक्यात उजेड पडला. दोन उजव्या इथे, तर दोन डाव्या कुठे?"

त्यांनी सुटलेली बाही उचलून दाखवली. कोपराचा बाक मागे, मनगटाची बटणं पुढे.

"तिसऱ्या मजल्यावर," काका म्हणाले. "रोज वाट पाहिली, आज येतील, उद्या येतील. आलेच नाहीत. ते आले नाहीत म्हणून मी गेलो नाही. मग महिना झाला, मग वर्ष झालं. आता कोणत्या तोंडाने जायचं? जिन्यात दिसले की मी टाचण्या तोंडात टाकायचो."

"काका," पोरगी हळूच म्हणाली, "बाबांना वाटतं त्यांचा हातच वाकडा आहे."

कात्री थांबली. "काय?"

"रोज व्यायाम करतात. बावीस वर्षं."

मागच्या खोलीत काकूंच्या हातून काहीतरी पडलं. तेही रेकॉर्ड झालं.

"पोरी," काका कात्री खाली ठेवून म्हणाले, "हे आधी वर ऐकव. ते हो म्हणाले तरच कॉलेजात दे. नाही म्हणाले तर पुसून टाक."

एक्केचाळीस मिनिटं हातात आणि पहिला भाग पुन्हा टांगणीला! पण पोरीने मान डोलावली.

संध्याकाळी वडिलांनी सगळं ऐकलं, खुर्चीत ताठ बसून. संपल्यावर उजवा हात समोर धरला. वाकवला, सरळ केला. "हं," म्हणाले, आणि जेवायला उठले. हो की नाही, काही नाही. आई म्हणाली, "आता हेही टाचण्या खायला लागले!"

शुक्रवारी सकाळी चौकट रिकामी होती. व्यायाम नाही. दहा वाजता वडील खाली निघाले, तशी पोरगीही मोबाईल घेऊन मागोमाग. काका नवी बाही टाचत होते, तोंडात नऊच्या नऊ टाचण्या. वडिलांनी कोट अंगावर चढवला, आरशासमोर उभे राहिले आणि हात खाली सोडला. बाही हाताबरोबर गेली.

"एक विचारू?" वडील आरशातल्या काकांना म्हणाले. "तेव्हा मला वाटलं, सांगायला गेलो तर तुम्ही म्हणाल, कोट बरोबर आहे, तुमचाच हात तसा आहे. चारचौघांत शोभा कशाला? म्हणून आलो नाही. आता खरं सांगा."

काकांनी टाचण्या एकेक करून काढल्या आणि गादीत खोचल्या. नऊही.

"हात सरळच होता," ते म्हणाले. "चूक माझी."

वडिलांनी हात वर केला, खाली केला आणि लेकीकडे वळले. मोबाईल तिच्या हातात चालूच होता.

"आलं का हे त्यात?"

"आलं."

"मग हे शेवटी जोड," वडील म्हणाले, "आणि देऊन टाक तुझ्या सरांना."