सोड्याला कान लावणारा माणूस

बाबांचा पॉवरलूम बंद पडला आणि घरात दोन वेळचं जेवण मुश्किल झालं. घरातला पहिला बी.एस्सी. मी. सोड्याचं मशीन आणून घरीच लिंबू-सोडा बनवून विकू लागलो.

बुऱ्हाणपूरच्या उन्हात एक म्हातारा रोज यायचा. बाटली गालाला लावायचा, उघडल्यावर फसफस कान देऊन ऐकायचा आणि अर्धी सोडून जायचा.

आई म्हणाली, "कोणाचा तरी खबऱ्या आहे हा. धंदा बंद पाडेल."

एक दिवस मी त्याला अडवलंच. "काका, चेकिंग करायला येता का?"

"पाणी गरम भरतोस बेटा. गॅस टिकणार कसा? कॉलेजात हे नाही सांगत?"

सांगितलं होतं. पेपरात मला पूर्ण मार्क होते.

तरी संशयापायी दोन दिवस ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी पाणी बर्फात गार करून भरलं, आणि गॅस टिकला. तो म्हातारा कोण, ते अजून माहीत नाही. आज आमचं घर सोड्यावर चालतं.