गाईने खाल्लेलं सुमान

सुमान म्हणजे चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवायचा, केळीच्या पानात गुंडाळून वाफवायचा आणि साखर लावून खायचा. फिलिपिन्समध्ये डॉक्टरकी शिकताना मी ते घरमालकिणीकडून शिकले. अकोल्याला परतल्यावर अर्धा दिवस गॅसपाशी उभी राहून केलं आणि समोरच्या काकूंना डबाभर नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून परत आला. रिकामा देऊ नये म्हणून आत मूठभर साखर होती. आणि काकूंच्या फाटकाशी एक गाय माझं सुमान पानासकट चघळत होती.

माझं डोकंच सणकलं. "काकू, हे काय?"

"रागावू नको वं. ते लोकं साप-बेडूक काहीबी खातात म्हणे. मले तोंडात घालाची हिंमतच नाही झाली."

"तांदूळ आणि नारळ आहे त्यात! साप कुठून आला?"

मी फाटक आपटून निघाले. मी डॉक्टर झाले तेव्हा याच काकूंनी पेढे मागून खाल्ले होते. जिथे शिकले तिथला भात मात्र यांना चालत नाही!

राग आठवडाभर उतरला नाही, कारण मला माझंच वागणं आठवत होतं. तिकडे पहिल्याच महिन्यात घरमालकिणीने दिलेलं सुमान मी न चाखता कचऱ्यात टाकलं होतं आणि ताटली आईचा चिवडा घालून परत केली होती. कचऱ्याची पिशवी तिनेच बाहेर नेली. केळीचं पान वरच दिसत होतं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा सुमानची ताटली घेऊन माझ्या दारात उभी होती.

मी काकूंच्या दारात अजून गेलेले नाही.