हरणाच्या खुरांखालची ओळ

तुमच्या आजोबांच्या कपाटात पाच जुन्या ठासणीच्या रायफली आहेत. सगळ्यांचे परवाने फाईलमध्ये नीट लावलेले आहेत, ते काम माझं. बार काढायला म्हणून त्यांनी एकही घेतली नाही, घेतल्या त्या नक्षीसाठी. सगळ्यांत लाडकी कन्नड तालुक्यातल्या एका शेतकरी घरातून आलेली. तिच्या लाकडी दस्त्यावर पितळी पट्टी आहे, पट्टीवर मागे वळून बघणारं हरण आणि त्याच्या खुरांखाली फारसी अक्षरांची एक बारीक ओळ. रोज चहा झाला की आजोबा भिंग घेऊन त्या ओळीपाशी बसत. वाचता काही येत नसे, तरी बसत. शेवटी शहागंजातले एक निवृत्त फारसी शिक्षक दसऱ्याला येऊन वाचून देतो म्हणाले.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आपल्याकडे विळी, कात्री, कोयता, सगळं घासूनपुसून पूजेला मांडतात. आजोबा झेंडू आणायला गेले होते. देवाच्या भांड्यांसाठी भिजवलेली चिंच माझ्या हातात होती. पट्टी काळवंडलेली दिसली, म्हणून तीही घासली. हरण लखलखलं, पण अक्षरं दिसेनाशी झाली. खाचांत साठलेल्या काळेपणामुळेच ती दिसत होती, हे मला नंतर कळलं.

आजोबांनी पट्टी बघितली, फुलांची पिशवी खाली ठेवली. "पूजा करून घे," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंग काढलंच नाही.

शिक्षक आल्यावर मीच सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "भाभी, लोक बंदुकीला तेल लावतात, तुम्ही चिंच लावली. आता थोडं काजळ द्या." त्यांनी ते बोटानं पट्टीवर चोळलं, वरचं पुसलं आणि खाचांतली अक्षरं एकेक करून उमटली. घडवणाऱ्याचं नाव निघालं, त्याच्या वडिलांचंही. पुढे गावाचं नाव असावं, पण तिथलं पितळ अगदी गुळगुळीत होतं. हे माझ्या चिंचेनं झालं का, असं मी विचारलं. शिक्षक पट्टी उजेडाकडे धरून बघत होते, तेवढ्यात आजोबा म्हणाले, "ती झीज जुनी आहे. हात तिथंच पडतो ना धरणाऱ्याचा."

रोज भिंगातून बघणारे तेच. तिथे आधी काय होतं, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मी पुन्हा विचारलं नाही. जेवताना मात्र डॉक्टरांनी त्यांना बंद केलेल्या श्रीखंडाची दुसरी वाटी, त्यांनी न मागताच, मी त्यांना वाढली.