चव्वेचाळीस श्वास

मुलांनो, तुमच्या धाकट्याची छाती वाजते हे तुमच्या आईच्या पत्रातून कळलं. तिने विचारलं आहे, डॉक्टरकडे नेमकं केव्हा न्यावं? उगीच धावपळ नको आणि उशीरही नको. मी दोनदा उत्तर लिहायला बसले आणि दोन्ही वेळा कागदावर नुसती यादी उतरली. याद्या करायची मला सवयच आहे. पण याच सवयीने मी एकदा फसले होते, तेव्हा यादी बाजूला ठेवून आधी ते सांगते. ज्या मुलाची ही हकिगत आहे ते तुमचे वडील. तेव्हा दीड वर्षांचे होते.

आम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेत राहत होतो. आत दोन खोल्या, पुढे ओसरी. तुमचे आजोबा गिरणीच्या कचेरीत कारकून होते. सकाळी जात ते संध्याकाळचा भोंगा झाल्यावर परतत. ओसरीवर माझे सासरे बसत. कोर्टातून पेन्शन घेऊन घरी आलेले, मितभाषी. घरातला लहानमोठा निर्णय त्यांचा. आणि मी त्यांच्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं. सुनेने सासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही, ही रीत. मी मॅट्रिक झालेली, इंग्रजी पुस्तकं वाचणारी. हे ते आल्यागेल्याला कौतुकाने सांगत, पण रीत ती रीत. काही सांगायचं झालं तर सासूबाईंच्या तोंडून, आणि त्या नसल्या तर मुलाच्या. मूल कडेवर घेऊन उंबऱ्याशी उभं राहायचं आणि त्याला म्हणायचं, "बाळ, आजोबांना सांग, पान वाढलंय." बाळाला बोलता येत नसलं तरी अडत नसे. आजोबांना ऐकू येत होतं.

त्या आठवड्यात सासूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी मंगळवेढ्याला गेल्या होत्या.

थंडीचे दिवस होते. बाळाला आधी सर्दी झाली, तिसऱ्या दिवशी पहाटे छाती वाजू लागली. भात्यातून वारा जावा तसा आवाज. तुमच्या आजोबांनी निघताना विचारलं, कचेरीत सांगून घरी राहू का? मी नको म्हटलं. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली, आणि माझ्याजवळ घरगुती उपचारांचं एक इंग्रजी पुस्तक होतं त्याप्रमाणे त्याला फ्लॅनेलमध्ये गळ्यापासून पोटापर्यंत घट्ट गुंडाळलं. मग माहेरचं टेबलावरचं घड्याळ समोर ठेवलं आणि मिनिटाचे श्वास मोजले. वहीत रेघा आखल्या, एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला आकडा. आठ वाजता अठ्ठावन्न. नऊ वाजता बासष्ट.

बासष्ट लिहिलं आणि मी खुंटीवरची शाल काढली. इस्पितळ टांग्याने पाऊण तासावर. शाल पांघरून उंबऱ्यापर्यंत गेले. सासरे पोथी वाचत होते. पोथी चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. मी परत आले, शाल खुंटीला लावली.

दहा वाजता साठ. दोनने कमी झाले, म्हणून थांबले. मग वाटलं, दोन म्हणजे काय, मोजण्यात चूक झाली असेल. पुन्हा शाल काढली. तेव्हा सासरे जेवायला आत आले. त्यांनी नातवाकडे पाहिलं, मी पदर सावरून भिंतीकडे सरकले. ते बाळालाच म्हणाले, "काय रे, आज आवाज फार करतोस." मला उत्तर द्यायचं होतं. ते बाळाला विचारलेलं होतं, म्हणून मी आमटी वाढली.

जेवून ते ओसरीवर आडवे झाले. त्यांना दुपारी कुणी उठवत नसे. मी खिडकी ते पाळणा, पाळणा ते खिडकी अशा फेऱ्या घालत राहिले. भोंग्याला किती तास, ते मोजले. एक वाजता चोपन्न. दोन वाजता अठ्ठेचाळीस. बाळ कुरकुरायचं थांबलं. आवाजही मंद झाला. चमच्याने पाजलेलं पाणी त्याने ओठांवरून ओघळू दिलं. मला वाटलं, पेंगुळलाय. तीन वाजता चव्वेचाळीस. आकडे ओळीने उतरत होते आणि मी पहिल्यांदाच खाली बसले.

तेवढ्यात मागच्या दारी शेळ्यांच्या घंटा वाजल्या. एक धनगरीण रोज दुपारी शेळ्या घेऊन यायची आणि दारातच बाळासाठी दूध काढून द्यायची. माझ्या वहीची ती नेहमी थट्टा करी. त्या दिवशीही म्हणाली, "आमची शेरडं मोजायला या की एकदा, बाई. धा हायत का अकरा, मला कळंना झालंय." मग तिने आत डोकावून पाहिलं आणि दुधाचं भांडं खाली ठेवलं.

"पोर गप हाय की."

मी सांगितलं, सकाळपासून फार धाप होती, आता उतरली आहे. आकडाही सांगितला.

"उतरली न्हाय वो. दमलंय ते. करडू वरडतंय तवर मी भीत न्हाय. गप झालं की उचलून पळती. ते कापड काढा, बरगड्या बघा की."

मी फ्लॅनेल सोडलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता आणि गळ्याच्या मुळाशी कातडी आत ओढली जात होती. सकाळपासून मी घड्याळाकडे पाहत होते. जे पाहायचं ते मीच गुंडाळून ठेवलं होतं.

बाळाला उचलून ओसरीच्या उंबऱ्याशी गेले. सासरे जागे होत होते. आणि सवय अशी वाईट की माझ्या तोंडून तेच आलं, "बाळ, आजोबांना सांग..." बाळाने एरवी माझ्या आवाजाला मान वळवली असती. ती खांद्यावर तशीच पडून राहिली.

"मामंजी," मी म्हटलं, "बाळाला इस्पितळात न्यायला हवं. आत्ता."

ते तडक उठले. मग पगडी न घालता, उघड्या डोक्याने, टांगा आणायला रस्त्यावर गेले. त्यांना तसं बाहेर पडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. टांग्यात ते पुढे हाकणाऱ्याशेजारी बसले. अर्ध्या वाटेवर मागे न वळता म्हणाले, "सकाळीच सांगायचं होतंस." कुणाच्या तोंडून, हे ओठांवर आलं होतं.

डॉक्टरांनी बाळाच्या दंडात सुई दिली, वाफ देण्याची सोय केली आणि मग विचारलं, केव्हापासून? मी वही पुढे केली. ओळी वाचून ते म्हणाले, "आकडे बरोबर आहेत, बाई. मूल थकलं म्हणून ते उतरले." मूल पाणी घेईना, रडेना, तेव्हाच निघायला हवं होतं, असंही म्हणाले. चार दिवसांनी आम्ही बाळाला घरी आणलं.

त्यानंतर सासरे रोज सकाळी पोथी उघडण्यापूर्वी मला सरळ विचारत, "छाती कशी आहे?" मी सरळ उत्तर देई. बाकी सगळं, जेवण, चहा, आल्यागेल्याचा निरोप, शेवटपर्यंत बाळाच्याच तोंडून चाललं.

तेव्हा तुमच्या आईला सांगा, मोजायचं असेल तर मोजावं, पण आधी अंगावरचे कपडे काढून बरगड्या पाहाव्या. आणि मूल गप्प झालं तर कुणाला विचारत बसू नये.

पेठेतलं घर आता दुसऱ्यांचं आहे, घड्याळ केव्हाच मोडीत गेलं. वही माझ्याजवळ आहे. त्या पानावर तीनच्या पुढे चव्वेचाळीस लिहिलं आहे आणि त्याखालच्या आखलेल्या रेघा कोऱ्या आहेत.