नातीच्या वहीतलं माझं अक्षर

माझी शाळा दुसरीतच सुटली. पुढचं लिहिणं-वाचणं मी घरीच शिकले, भावाच्या फाटक्या पुस्तकांवरून, किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. पण माझं अक्षर कोणी कधी पाहिलं नाही. चांगलं म्हणालं नाही की वाईट.

नात चौथीत गेली त्या वर्षी शाळेतल्या मॅडमनी मोबाईलवर लेखनाचा अभ्यास सुरू केला. रोज एक पान हातानं लिहायचं आणि संध्याकाळी आठच्या आत फोटो पाठवायचा. कुठली वेलांटी चुकली, कुठली ओळ वर चढली, ते मोबाईल लाल गोल करून दाखवायचा. मग स्टार द्यायचा. पोरं लिहिती व्हावीत म्हणून मॅडमनी मनापासून केलं होतं हो. खोट माझ्यात होती.

रोवण्याचे, भातलावणीचे दिवस. मुलगा-सून दिवसभर शेतावर, बांधीतल्या चिखलात. नातीला ताप भरला. साडेसात वाजले तशी ती रडकुंडीला आली. "आजी, आजच्या दिवस तूच लेहून दे ना."

विषय होता गावचा तलाव. तलाव मला काय नवा? लिहिलं, मुद्दाम थोडं वाकडं, पोरीसारखं. तीन स्टार आले, दोन चुका लाल.

त्या दोन चुका काही डोक्यातून जाईनात. दुसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला होता, तरी वही मीच ओढली. तिसऱ्या दिवशीही. ती बाजूला बसून मोबाईलवर कार्टून पाहायची. पाच स्टार आले त्या दिवशी मॅडमनी ग्रुपवर आवाज पाठवला, "किती सुंदर प्रगती आहे!" मी तो कानाला लावून चारदा ऐकला.

"आजी लाजून राहिली पाहा!" नात खिदळली.

दिवाळी गेली तरी पानं मीच लिहीत होते. त्या पानांवरूनच मॅडमनी तिचं नाव भंडाऱ्याच्या एका निवासी शाळेच्या परीक्षेला दिलं. दहावीपर्यंत राहणं, खाणं, शिकणं तिथंच. सुनेला तेच हवं होतं. आपल्यासारखं पोरीनं चिखलात उतरू नये.

एसटीनं मीच तिला घेऊन गेले. वर्गाची खिडकी व्हरांड्याकडे होती. सगळी पोरं खाली मान घालून लिहीत होती. माझी नात तेवढी माझ्याकडे पाहत होती.

तिचा नंबर लागला नाही. मॅडम घरी आल्या. "रोज पानभर लिहिते ही, आणि तिथं चार ओळीसुद्धा नाही?"

"आळस हाय मॅडम, दुसरं काय!" म्हणत सुनेनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

नातीनं माझं नाव घेतलं नाही. मीही नाही. मी चहा ओतत राहिले.

आता ती सहावीत आहे. फळ्यावरचं उतरवते. मनातलं लिही म्हटलं की पेन खाली ठेवते. यंदा सुट्टीच्या दिवशी सून तिला रोवण्याला नेते. ती घरी आली की मी वही घेऊन पुढे बसते. "एक ओळ लेह ना बाई. कशीबी लेह."

"तूच लेह," ती म्हणते. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. "तुले स्टार भेटतेत."