दात मी हलवले नाहीत

"तुम्ही माझे दात हलवून ठेवलेत!"

रिसेप्शनसमोर महेश गायकवाड चक्क मराठीत ओरडत होते. दारावरच्या पाटीवर माझं आडनाव वाचलं होतं ना! माझं डोकंच फिरलं.

ही २०१५ च्या आसपासची गोष्ट. जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखजवळच्या एका दवाखान्यात मी डेंटिस्ट होते. गायकवाड इंजिनिअर. गाडीची सर्व्हिसिंग एक दिवस चुकवणार नाहीत, दात मात्र "इंडियात गेलो की बघू" म्हणत सात वर्षं तसेच. हिरडीतून रक्त यायचं, तर हा शहाणा माणूस नेमका तिथेच ब्रश लावत नव्हता!

दातांवर रोज चिकट थर बसतो, तो प्लाक. घासला नाही की त्याचा दगड होतो. हिरडी सुजते, आतलं हाड झिजतं. त्यांच्या खालच्या चार दातांना हाड निम्मंच उरलेलं. दगडानेच ते एकमेकांना धरून होते. मी दगड काढला.

"आई म्हणायचीच, क्लीनिंग केलं की दात खिळखिळे होतात."

"अहो, ते आधीच हलत होते! आता नीट घासा, पुढच्या अपॉइंटमेंटला या. टिकतील."

"तुमच्याकडे? नाव नको!" गेले तरातरा.

दवाखान्याच्या जर्मन मालकीणबाईंनी मला आत बोलावलं.

"दात हलतील, हे आधी सांगितलं होतंस?"

"हो. चार पानी फॉर्मवर सही आहे त्यांची."

"जर्मन फॉर्म?"

"गेनाऊ, अगदी तोच."

"पण तू त्यांची भाषा बोलतेस ना?"

'आपला माणूस' म्हटलं की लोक रविवारी घरी दाढ दाखवायला येतात, म्हणून मी त्यांच्याशी मुद्दाम जर्मनच झाडलं होतं. बाईंचा भयंकर राग आला, कारण त्या बरोबर बोलत होत्या.

गायकवाडांना दोनदा फोन केला. उचलला नाही. आठ महिन्यांनी आले. "आणखी हलतील" म्हणून त्या चार दातांना ब्रशच लावला नव्हता. दोन दात वाचण्यापलीकडे गेले होते. मीच काढले.

"आधी सांगायचं ना हो, डॉक्टर," ते कापूस दाबत पुटपुटले.

सांगायला हवंच होतं. संताप आला, त्यांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा.

आता मराठी पेशंट आला की हत्यार उचलण्याआधी मराठीत सांगते: दात हलल्यासारखे वाटतील, रक्त येईल, तरी ब्रश थांबवायचा नाही. एक मिनिट लागतं. गायकवाडांचे दोन दात त्या एका मिनिटापायी गेले.