मामांनी पारखलेली धामण

आमच्या घरात साप निघाला नाही. तो मी रीतसर पारखून, घासाघीस करून विकत आणला!

आणीबाणी नुकतीच उठली होती आणि अल्लीपूरच्या आमच्या घरात उंदरांचं राज्य आलं होतं. कोठीतली बियाण्याची ज्वारी खाऊन कंटाळा आल्यावर त्यांनी माझ्या बायकोचा, शांताचा, लग्नातला शालू कुरतडला. (पदराकडून! काठ तेवढे आमच्यासाठी ठेवले.) शांता पिशवी भरून माहेरी, नाचणगावला निघाली.

"उंदीर गेल्याबिगर मले न्याले येऊ नोका," ती दारातून म्हणाली. "अन् आलेच, त नवा शालू घेऊन येजा!"

शालू परवडणार नव्हता. म्हणजे उंदीर घालवणं आलं.

विष घालावं तर ते ज्वारीत पडायचं. मांजर आणलं, तर ते दूध पिऊन उंदरांच्या शेजारी झोपलं. शेवटी कुणीतरी सांगितलं, धामण पाळा. बिनविषारी असते, उंदरांवर जगते आणि गारुड्याकडे स्वस्तात मिळते. 'स्वस्तात' ऐकून मी उठलोच. पण चांगली धामण ओळखायची कशी? मी नामदेवमामांना सोबत घेतलं. मामा म्हणजे तालुक्यातले नावाजलेले बैलांचे पारखी. फावल्या वेळात सोयरिकीही जमवायचे. आमची त्यांनीच जमवली होती.

हिंगणघाटच्या बाजारात गारुड्यानं दोन टोपल्या उघडल्या. पहिलीतली धामण सडपातळ आणि चपळ. जीभ लवलवत तिनं थेट मामांच्या धोतरावर झेप घेतली.

"हे मारकं हाय!" मामा मागे उडी मारत ओरडले. "झाक पह्यले!"

दुसरी जाडजूड आणि सुस्त. मामांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, शेपटी उचलून पाहिली, केसांचा भोवरा शोधला (सापाला भोवरा!) आणि म्हणाले, "दात दाखव."

"मालक, साप हाय हा," गारुडी म्हणाला.

"मंग का न पाह्यताच घ्याचा?"

मी भीत भीत विचारलं, "मामा, हे हालत काऊन नाई?"

"अबे, जनावर घ्याचं त असं! आंगानं भरलेलं, निरा गरीब. मारकं नाई, बुजरं नाई. जिथं बांधसीन तिथं राह्यते."

मग बैलबाजाराच्या रिवाजानं रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला. गारुडी इतक्या चटकन कबूल झाला की मला तिथंच शंका यायला हवी होती. आली नाही.

कोठीत सोडल्यावर धामण पोत्यांमागे जाऊन पडली ती पडलीच. उंदीर तिच्या अंगावरून ये-जा करू लागले! मी हवालदिल होऊन मामांकडे धावलो.

"नव्या गोठ्यात बैल बी पह्यले चारा खात नाई," मामा म्हणाले.

आणि खरंच, काही दिवसांनी धामण एकाएकी बारीक झाली (मला वाटलं, उपासानं!) आणि उंदरांवर तुटून पडली. पेरण्या आटोपेपर्यंत कोठीत एक उंदीर उरला नाही. खायला काही नाही म्हटल्यावर तीही मोरीतून निघून गेली.

ना उंदीर, ना साप! मी तडक नाचणगाव गाठलं, सासऱ्यांसमोर तशी देवाची शपथ घेतली आणि शांताला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. लाह्यांसाठी ज्वारी काढायला ती कोठीत गेली आणि तिनं एक पोतं सरकवलं.

"बाप्पा वो!"

पोत्यामागे फुटकी अंडी आणि कोठीभर वळवळणारी पिलं! मोजायच्या भानगडीत मी पडलोच नाही. काठी उचलली, तर शांतानं ती हिसकावून घेतली.

"आज पंचमी हाय! हात त लावून पाहा!"

तिनं पिलांसमोर वाटीभर दूध ठेवलं, हात जोडले आणि पिशवी भरायला घेतली. इतक्यात आरडाओरड ऐकून मामा आले. कोठीत डोकावले आणि त्यांची छाती फुगली.

"पाह्यलं? गाभन होती! गाभनीचा भाव न देता गाभन आनली! म्या उगाच पसंत केलती का?"

"मामा, माहा संसार बुडून राह्यला!" मी रडकुंडीला आलो आणि दारात शांताला आडवा झालो. "शांते, यात माही काय चूक? जनावर त मामानं पसंत केलं!"

शांतानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"मामाची पसंती मले नोका सांगू. तुमचं स्थळ घेऊन आले, तवा माह्या बाबाले त्यायनं हेच सांगतलं होतं."

"काय?"

"आंगानं भरलेलं हाय, निरा गरीब. मारकं नाई, बुजरं नाई. जिथं बांधसान तिथं राह्यते!"

ती गेली. तिची एसटी दिसेनाशी झाली तरी मी दारात तिथंच उभा होतो. मामांची पारख, काही म्हणा, चुकत नाही.